सां त्रोपे, मे महिन्यात: जावं का, आणि गेलं तर कसं?

सायली_डॉकयार्ड
नमस्कार मंडळी. यंदा मे मध्ये आईबाबांना घेऊन फ्रान्सला जायचं नक्की झालंय. धाकटी बहीण नीसला शिकते, मुक्काम तिच्याकडेच. नीस, मोनॅको, आन्तीब एवढं ठरलंय आणि सां त्रोपेवर गाडी अडलीये. बाबा माझगाव डॉकमधून रिटायर झालेत, सगळी नोकरी जहाजांवर गेली, त्यांना तिथलं बंदर आणि त्या मोठमोठ्या यॉट बघायच्याच आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बहिणीचं म्हणणं, तिकडे फक्त श्रीमंत लोक जातात, आपण कॉफीचं बिल बघूनच परत येऊ. आमच्यात गाडी चालवणारं कोणी नाही.
तर एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे का, की राहावं? आणि श्रीमंती सोडून तिथे बघण्यासारखं काही आहे का? अनुभव असलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रानवाटा
स्पष्ट सांगतो, नका जाऊ. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, खाडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांगच रांग, गावात पोचेपर्यंत पोरं झोपून गेली. पोचल्यावर काय तर बोटींकडे बघणारे लोक आणि लोकांकडे बघणारे बोटीतले लोक. तेवढ्या वेळात नीसच्या बाजूला व्हिलफ्रांशचं बंदर बघा, मांतोंला जा, दोन्ही ट्रेनने होतं. सां त्रोपेला रेल्वे स्टेशनच नाहीये.

दर्यावर्दी
@रानवाटा ऑगस्ट आणि मे ची तुलना करू नका हो. ऑगस्टमध्ये सगळा युरोप तिथे असतो.

केतकी_तूलों
मी तूलोंला राहते, सां त्रोपे त्याच व्हार जिल्ह्यात येतं, त्यामुळे सगळ्या मोसमांत जाणं झालंय. रानवाटा म्हणतात ते ऑगस्टसाठी शंभर टक्के खरं आहे. पण सायली, मे साठी माझं उत्तर ठाम हो आहे.
आधी कसं जायचं ते सांगते. नीसहून ट्रेनने सां राफाएल, साधारण एक ते सव्वा तास. जाताना डावीकडे बसा, कान शहर मागे पडलं की एस्तरेलच्या डोंगराचे लालभडक कडे सुरू होतात, खाली निळं पाणी, तो पट्टा चुकवू नका. सां राफाएल स्टेशनला लागूनच बस स्टँड आहे, तिथून सां त्रोपेची बस मिळते, दीड तास धरा. दुसरा रस्ता जास्त छान आहे: त्याच बसने सां माक्सिमला उतरायचं आणि तिथून हिरव्या बोटीने खाडी ओलांडायची, पंधरा मिनिटांत सां त्रोपेच्या धक्क्यावर. बाबांना बंदर बघायचंय ना, मग ते समुद्राकडूनच बघू द्या. आधी सिटाडेलची, म्हणजे जुन्या किल्ल्याची टेकडी दिसते, मग चर्चचा पिवळा मनोरा, मग धक्क्यावरची गेरू आणि गुलाबी रंगाची घरं. बसने मागच्या पार्किंगपाशी उतरलात तर यातलं काहीच मिळत नाही. नीसहून थेट बोट असते ती उन्हाळ्याच्या मोसमात, मे मध्ये त्या भरवशावर राहू नका.

मोगरा
वाचतेय. आम्हालाही जायचंय पुढच्या वर्षी.

पंत
श्रीमंती सोडून काय आहे असं विचारलंत म्हणून लिहितो, आणि हे आपल्याकडच्या माणसाने वाचायलाच हवं.
धक्क्यावर, कॅफेंच्या अगदी समोर, एका माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. लोक त्याच्या पायाशी बसून आइस्क्रीम खातात आणि उठून जातात. तो आहे फ्रेंच आरमाराचा सेनानी सुफ्रें. त्याच्या घराण्याकडे सां त्रोपेची जहागीर होती. १७८२ आणि १७८३ मध्ये हा माणूस आपल्या पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेपाशी इंग्रजांच्या आरमाराशी पाच लढाया लढला. सद्रास, प्रोविदियन, नागपट्टण, त्रिंकोमाली आणि कडलूर. समोर इंग्रजांचा ॲडमिरल ह्यूज. जुलै १७८२ मध्ये हा कडलूरजवळ हैदरअलीला भेटलाय. आता त्याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. नाना फडणवीस, हैदर आणि निजाम यांनी इंग्रजांविरुद्ध एकत्र यायचं ठरवलं होतं, आणि १७ मे १७८२ ला सालबाईचा तह होऊन मराठे त्या लढाईतून बाहेर पडले. म्हणजे इकडे तह होतो आणि दोन महिन्यांच्या आत तिकडे सुफ्रें नागपट्टणच्या समुद्रात लढतोय. त्या माणसाचा १८६६ सालचा पुतळा यॉटच्या गर्दीत उभा आहे. मी तरी एवढ्यासाठी पुन्हा जाईन.

विसूभाऊ
पंत, जबरदस्त. सुफ्रेंबद्दल शाळेत एक ओळ नव्हती.

झुळूक
पंतांनी एक सांगितलं तर दुसरं मी सांगते. सां त्रोपेत जन्मलेला जनरल अलार्ड. नेपोलियनच्या सैन्यात होता, वॉटर्लूनंतर नोकरी गेली, फिरत फिरत १८२२ मध्ये लाहोरला महाराजा रणजितसिंगांच्या दरबारी पोचला आणि त्यांच्या फौजेला युरोपियन कवायत शिकवली. त्याने चंबा संस्थानातल्या बन्नू पान देई नावाच्या मुलीशी लग्न केलं. १८३० च्या दशकात बायकामुलांना घेऊन सां त्रोपेला आला, त्यांच्यासाठी घर बांधलं, आणि स्वतः एकटा परत पंजाबात गेला. १८३९ मध्ये पेशावरला वारला, लाहोरला त्याची कबर आहे. ती मात्र तिथेच राहिली आणि १८८४ मध्ये तिथेच गेली. म्हणजे नवऱ्यामागे पंचेचाळीस वर्षं. हिमाचलच्या डोंगरातली बाई, फ्रान्समधलं कोळ्यांचं गाव, आपली भाषा बोलणारं कोणी नाही. ते घर आता हॉटेल आहे, नाव अजून तिचंच, पान देई. गावात रणजितसिंग आणि अलार्ड यांचे पुतळेही आहेत. मी त्या हॉटेलच्या गल्लीत बराच वेळ उभी होते. आत जायचं धाडस नाही झालं, दाराशी उभं राहून तिला नमस्कार केला.

मोगरा
@झुळूक हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तिच्यावर कोणीतरी मराठीत लिहायला हवं.

दर्यावर्दी
फ्रेंच सेनानींचा विषय निघालाच आहे तर महादजी शिंद्यांचा द ब्वान्य कसा विसरता? तोही तिकडचाच, शांबेरीचा. त्याच्या नावाने शांबेरीत हत्तींचं कारंजं आहे, चार हत्ती चार दिशांना तोंड करून, फक्त पुढचा अर्धा भाग, मागचा भागच नाही. १८३८ चं आहे. आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती बघून आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले, गणपतीला बाकीचे तीन कुठून मिळाले.

पंत
हाहा. द ब्वान्यवर वेगळा धागा काढा, इथे सायलीचं ट्रिप प्लॅनिंग राहून जाईल.

रानवाटा
इतिहास मान्य, पंत आणि झुळूक दोघांचेही आभार, हे मला माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा तोच आहे. एक पुतळा आणि एक हॉटेलचं दार यासाठी चार माणसांनी ट्रेन, बस, बोट करायची का? आईंचे गुडघे दुखतात असं लिहिलंय. आणि गावात आता राहतं कोण? मोठमोठे ब्रँड आहेत, त्यांच्या दुकानांत आपण शिरणार नाही.

केतकी_तूलों
@रानवाटा राहतं कोण हा प्रश्न अगदी योग्य विचारलात, आणि त्याचं उत्तरच वसंतात जायचं कारण आहे.
गावात बारा महिने राहणारे लोक आता चार हजारांच्या आत आहेत. बहुतेक घरं बाहेरच्यांची, वर्षातले काही आठवडे उघडणारी. जागेच्या किमती अशा झाल्यात की इथे जन्मलेली पोरं कोगोलँ नाहीतर आणखी आत राहायला जातात आणि नोकरीला गावात येतात. जानेवारीत गेलं तर लाकडी खिडक्या बंद, गल्ल्या सुन्या. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. मार्च ते मे या मधल्या काळात गाव गावासारखं असतं. दुकानवाले दारं रंगवत असतात, होड्या पाण्यात उतरवत असतात, लीसच्या चौकात चिनाराच्या झाडांखाली म्हातारे पेतांक खेळत असतात आणि त्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो.
मंगळवार किंवा शनिवार धरा. त्याच दोन दिवशी सकाळी त्या चौकात बाजार भरतो, दुपारी एकपर्यंत आवरतो. एप्रिल-मे मध्ये जांभळट आर्टिचोक, जाड हिरवी शतावरी, पहिल्या स्ट्रॉबेऱ्या, बकरीच्या दुधाचं ताजं चीज, दहा तऱ्हेचे ऑलिव्ह. बाजार सपाटीवर आहे, बंदरही सपाटीवर. आईंना चढायचं असं काही नाही, फक्त सिटाडेल टेकडीवर आहे.

मिठागर
आमच्या गुहागरला निम्मी घरं वर्षभर कुलपात आणि गणपतीत उघडतात, तसंच दिसतंय हे. फक्त आमच्याकडे यॉट नाहीत.

गोडबोले_काकू
सायली, शाकाहाराबद्दल. मी अंडं न खाता त्या भागात फिरलेय, उपाशी राहिले नाही. पण काही गोष्टी आधी माहीत हव्यात. तापनाद म्हणून ऑलिव्हची चटणी मिळते, दिसायला शाकाहारी, तिच्यात बहुतेक वेळा अँचोव्ही मासे वाटलेले असतात. कांद्याची पिसालादियेर, तिच्यावरही तेच मासे. फुगास नावाचा पाव साधा मिळतो तसा आत खारवलेलं मांस घातलेलाही मिळतो, विचारून घ्या. चालेल असं काय तर सोक्का, डाळीच्या पिठाचं धिरडंच ते, नीसला मनसोक्त खाऊन घ्या. रातातुई मिळालं तर घ्या. बाजारातून पाव, टोमॅटो, फळं घ्या आणि ला पोंशच्या छोट्या किनाऱ्यावर बसून खा. चीज घेताना मात्र रेनेटचं (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) बघा, पक्कं शाकाहारी लागत असेल तर.
आणि तिथली प्रसिद्ध तार्त त्रोपेझियेन आईंना चालणार नाही, ब्रिओश आहे, अंडं असतंच. बाकीच्यांनी नक्की खा. वरून साखरेचे खडे, आत क्रीमचा जाड थर, नारंगीच्या फुलांचा वास. १९५५ मध्ये तिथे सिनेमाचं शूटिंग चालू असताना मिका नावाच्या पोलिश बेकरीवाल्याची ही तार्त फ्रेंच नटी ब्रिजित बार्दोला आवडली आणि तिनेच तिला गावाचं नाव द्यायला सुचवलं.

विसूभाऊ
काकू, हा प्रतिसाद सेव्ह केला. बायको अंडं खात नाही, त्यामुळे दोघांची तार्त मलाच संपवावी लागणार, देशासाठी करेन.

शशांक_७३
लॅव्हेंडर दिसेल का मे मध्ये? बायकोने फोटो बघून ठेवलेत.

केतकी_तूलों
@शशांक_७३ नाही. ती जांभळी शेतं आतल्या भागात, पठारावर, आणि जूनच्या शेवटाला ते जुलै. मे मध्ये किनाऱ्यावर रोझमेरी, रानटी लॅव्हेंडरचे तुरे, पॉपी, आणि भिंतींवर विस्टेरियाचे घोस एप्रिलमध्येच. पिवळा मिमोसा हवा असेल तर फेब्रुवारी.
हवेचं पण सांगते. उन्हात मस्त ऊब आणि सावलीत स्वेटर. मिस्त्राल सुटला तर मात्र टोपी उडते, आकाश लखलखीत आणि वारा हाडात शिरणारा. समुद्र थंड असतो, मे मध्ये सतरा-अठरा डिग्री, पोहायचा बेत करू नका. पांपलोनचा प्रसिद्ध किनारा गावात नाहीच, तो रामातुएलच्या हद्दीत आहे.

झुळूक
ज्यांचे पाय धड आहेत त्यांच्यासाठी सिटाडेलखालून किनाऱ्याकिनाऱ्याने पायवाट जाते, पिवळ्या पट्ट्यांच्या खुणांची. पूर्ण भूशिर फिरून पांपलोनपर्यंत बारा किलोमीटर आहे, पण कानेबिएच्या किनाऱ्यापर्यंत गेलं तरी पुष्कळ.
आणि आनोन्सियाद म्युझियम चुकवू नका, धक्क्यावरच आहे, जुन्या चॅपलमध्ये. चित्रकार सिन्याक १८९२ मध्ये आपली शिडाची होडी घेऊन या बंदरात आला आणि इथलाच झाला. १९०४ चा उन्हाळा मातीसने त्याच्याकडे काढला. ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं सां त्रोपेचं बंदर आत बघायचं आणि दारातून बाहेर पडलं की तेच बंदर समोर. बघून बाहेर आले तेव्हा पाणी मला निळं दिसेचना, केशरी, जांभळं, हिरवट, सगळे ठिपके दिसायला लागले. हे मला दुसऱ्या कुठल्याच म्युझियमने दिलेलं नाही.

रानवाटा
चॅपल, चित्रं, बाजार. ठीक आहे, माझं मत थोडं हललंय. पण राहायचा खर्च? मे मध्ये कानचा फिल्म फेस्टिव्हल, सगळ्या किनाऱ्यावर दर वर जातात.

दर्यावर्दी
हा मुद्दा बरोबर. सां त्रोपेत राहूच नका, सां माक्सिमला राहा, तिथे सामान्य माणसाची हॉटेलं आहेत आणि बोट समोरच. फक्त शेवटची बोट किती वाजता ते त्या दिवशीच्या पाटीवर बघून ठेवा, मे मध्ये संध्याकाळी लवकर संपतात. फ्रान्समध्ये मे मध्ये सुट्ट्या पण भरपूर, १ मे, ८ मे, शिवाय असेन्शन. ते लाँग वीकेंड टाळा.
आणि सायली, बाबांना यॉट दाखवायला नेताय खरं, पण ते वेल्डिंगचे जोड तपासत बसतील, जेवायला हाका मारून आणावं लागेल.

सायली_डॉकयार्ड
अहो काय लिहिलंय सगळ्यांनी! बाबांना मोठ्याने वाचून दाखवतेय. पंतांचा सुफ्रें ऐकून ते आत जाऊन नकाशा घेऊन आलेत, नागपट्टण आणि कडलूर शोधून झालं. @दर्यावर्दी ते हसले आणि म्हणाले, बरोबर ओळखलं.
त्यांनी एक विचारायला सांगितलंय. डॉकमध्ये फ्रेंचांबरोबर पाणबुड्यांचं काम झालं, तेव्हा सां त्रोपेचं नाव कानावर यायचं म्हणे. तिथे तसलं काही आहे का?

केतकी_तूलों
बाबांची आठवण पक्की आहे! सां त्रोपेला लागून गासांच्या हद्दीत, खाडीच्या काठी टॉर्पेडोचा कारखाना आहे. आता तो नेव्हल ग्रुपचा आहे, आणि माझगाव डॉकने कलवरी वर्गाच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधल्या त्या याच कंपनीबरोबर. पर्यटन वाढायच्या आधीपासून गावातल्या कितीतरी घरांची चूल मासेमारी आणि या कारखान्यावर चालायची. संरक्षणाचं काम, त्यामुळे आत सोडत नाहीत.

पंत
व्वा. म्हणजे एका बाजूला सुफ्रें आणि दुसऱ्या बाजूला कलवरी. सायली, बाबांना नमस्कार सांगा. २०१७ मध्ये कलवरी नौदलात दाखल झाली तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो, त्यात त्यांचा हात होता हे आज कळलं.

सायली_डॉकयार्ड
बाबा म्हणतात, हात हजारो लोकांचे होते, पण नमस्कार पोचला.

केतकी_तूलों
आता एक शेवटचं, तारखा ठरल्या नसतील तर. १६ ते १८ मे ला गावाचा सण असतो, ब्रावाद. नीरोच्या काळात इटलीतल्या पिसा शहरात तोर्पेस नावाच्या अधिकाऱ्याचं ख्रिस्ती झाला म्हणून डोकं उडवलं, धड एका होडीत टाकलं, सोबत एक कुत्रा आणि एक कोंबडा, त्यांनी ते खावं म्हणून. दोघांनी तोंड लावलं नाही आणि होडी वाहत वाहत इथे लागली, अशी गोष्ट. त्यावरून गावाचं नाव. १५५८ पासून गाव दरवर्षी आपला एक कप्तान निवडतं, कारण तेव्हा समुद्राकडून येणाऱ्या हल्ल्यांपासून गाव लोकांनीच राखायचं होतं. त्या तीन दिवसांत सगळे गावकरी जुन्या आरमारी गणवेशात निघतात, संताची मूर्ती खांद्यावर, पुढे ढोल-बासऱ्या, आणि रुंद तोंडाच्या बंदुका जमिनीकडे रोखून बार काढतात. धुरात समोरचं दिसत नाही. घराघरांवर लाल-पांढरे झेंडे. जी पोरं घरं परवडत नाहीत म्हणून बाहेर गेली ती त्या दिवशी गणवेश घालून परत येतात, आजोबांचा पट्टा नातवाच्या कमरेला. यॉटवाले तेव्हा कडेला उभे राहून बघतात. गाव कोणाचं आहे ते त्या तीन दिवसांत कळतं, म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते की जमलं तर तेव्हा या.

रानवाटा
हे आधी का नाही सांगितलंत! हे असेल तर मीसुद्धा पुन्हा जाईन. ऑगस्टमध्ये याचा पत्ता पण लागत नाही.

गोडबोले_काकू
आईंना आवाजाचा त्रास होतो का ते बघ हो सायली. बार अगदी जवळून काढतात.

सायली_डॉकयार्ड
ठरलं. सां माक्सिमला दोन रात्री, १६ ला सकाळी बोटीने बंदर, सुफ्रें, आनोन्सियाद, आणि ब्रावाद. बहीणही येतेय, तिने आत्ताच सुट्टी टाकली, ती आणि मी सिटाडेलला जाऊ, आईबाबा खाली धक्क्यावर बसतील. झुळूक, पान देईच्या दाराशी आई जाणार आहे, तिने स्वतःहून सांगितलं.
केतकीताई, हॉटेल आत्ताच बुक करू ना? आणि मिरवणूक नीट दिसेल पण बार अगदी कानाशी होणार नाहीत अशी जागा कुठली?

केतकी_तूलों
आजच करा, फेस्टिव्हलचे दिवस आहेत. धक्क्यावरच थांबा, अरुंद गल्ल्यांत आवाज कोंडतो आणि घुमतो, मोकळ्यावर बराच कमी लागतो. आईंसाठी घडीचं स्टूल न्या आणि सगळ्यांनी कानात घालायला इअरप्लग, ते इथून निघतानाच घ्या. पहिला बार झाला की लगेच लागतात.